विश्लेषण : घरी पत्रिका छापणाऱ्यांचे पूर्वसुरी… गणपत कृष्णाजी कोण होते?

वसई-विरारमध्ये केळवणाचे निमंत्रण, व्हॅलेंटाइन कार्ड आता मोबाइलवर तयार होते आणि घरच्या प्रिंटरवर छापता येते. मराठीत अशी स्वबळावरची छपाई सुरू केली ती मुंबईच्या गणपत कृष्णाजी यांनी.

सुरुवात कशी झाली?
भंडारी समाजातील गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिला आणि शिळाछपाईचे लाकडी यंत्र स्वतः बनवले. कोणत्या दगडावरून अक्षर नीट उमटते, शाई कशी करायची, हे ते प्रयोग करत शिकले.

अडचण काय होती?
छापील कागद सोवळ्यात चालत नसे. शाईत चरबी असते, असा आक्षेप होता. म्हणून धार्मिक ग्रंथांसाठी त्यांनी तुपाची शाई वापरल्याचे सांगितले जाते.

महत्त्व काय?
१८३१ मध्ये त्यांनी मराठी पंचांग छापले. तोवर पंचांगाच्या प्रती हाताने लिहिल्या जात. पुढे त्यांनी छपाईचे खिळेही स्वतः तयार केले. १८६० मध्ये त्यांचे निधन झाले. आज लग्नपत्रिका मोबाइलवर सजते, पण तिच्यावरचा मुहूर्त अजूनही पंचांगातूनच येतो. ते पंचांग छापून घरोघरी नेण्याची वाट गणपत कृष्णाजींनी घालून दिली.