श्रीरामानुजाचार्य : एका सहीची कथा

चेन्नईहून बंगळूरच्या वाटेवर सुमारे ४० किलोमीटरवर असलेले श्रीपेरुंबुदूर आज आपल्या मंडळींना परिचित आहे ते मोटारींच्या कारखान्यांमुळे. परंतु विशिष्टाद्वैताचे महान भाष्यकार रामानुजाचार्य यांची ही जन्मभूमी होय. परंपरेनुसार त्यांचा जन्म इ. स. १०१७ मध्ये झाला. केशव सोमयाजी हे त्यांचे पिता व कांतिमती ही माता. त्यांच्या तत्त्वज्ञानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या चरित्रातील भयाच्या प्रसंगांचा तेवढा विचार करावयाचा आहे.

पहिला प्रसंग विद्यार्थिदशेतील. कांचीला यादवप्रकाशांपाशी शिकत असताना गुरूच्या अर्थाशी या शिष्याचे पटेना. तेव्हा काशीयात्रेच्या निमित्ताने त्याला वाटेतच संपवावे असा बेत ठरला. सहाध्यायी गप्प राहिले. मावसभाऊ गोविंद मात्र गप्प बसला नाही. त्याने रामानुजांना सावध केले व त्यांचे प्राण वाचले.

पुढे श्रीरंगम येथे रामानुज आचार्यपदी असताना याहून मोठे संकट आले. परंपरागत चरित्रांत या चोळ राजाला कृमिकंठ म्हटले आहे. तो नेमका कोण, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. शिवाहून श्रेष्ठ काही नाही, अशा लेखावर तो विद्वानांच्या सह्या घेत होता. ज्याच्या मस्तकी शिवलिंग आहे अशा विठोबाचे आपण भक्त. तेव्हा हा वाद शिव आणि विष्णू यांचा नव्हेच. सत्तेला कर आणि आज्ञापालन पुरेसे वाटेनासे झाले, तिला माणसाचे मनही हवेसे झाले, हे त्यातील खरे मर्म होय. बिहारातील मोतीहारी येथे १९०३ मध्ये जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या '१९८४' या कादंबरीत हेच भयानक चित्र रंगविले.

बाकीच्यांच्या सह्या व्यर्थ, रामानुजांची हवी, हे राजाला सुचविले नालूरान याने. तो दरबारातील अधिकारी, आणि रामानुजांचे पट्टशिष्य कूरेश यांचाच शिष्य. जुलूम एकट्या राजाच्या बळावर चालत नाही. त्याला जाणकार सल्लागार लागतात. गोविंदालाही गुपित ठाऊक होते आणि नालूरानलाही. एकाने ते ज्याच्या जिवावर बेतले होते त्याला सांगितले, दुसऱ्याने सिंहासनाला.

राजदूत आले तेव्हा कूरेशांनी गुरूंची भगवी वस्त्रे अंगावर घेतली आणि वृद्ध महापूर्णांसह ते दरबारी गेले. पांढरी वस्त्रे नेसून रामानुज पश्चिमेकडे निघाले. दरबारात कूरेशांनी सही नाकारली. शिव हे धान्याच्या एका मापाचेही नाव आहे. द्रोण हे माप त्याहून मोठे, एवढेच त्यांनी लिहून दिले. याची किंमत दोघांनाही डोळ्यांनी मोजावी लागली. महापूर्णांनी परतीच्या वाटेवर प्राण सोडला.

रामानुजांना सुमारे १२ वर्षे परमुलखात काढावी लागली. होयसळांच्या राज्यात मेलकोटे येथे त्यांनी नारायणाचे मंदिर उभे केले आणि ज्यांना देवळाचे दार बंद होते त्यांना वर्षातील ठरावीक दिवशी आत प्रवेश दिला. आपले स्वातंत्र्य गमावलेल्या पुरुषाने दुसऱ्यांसाठी दार उघडावे, हे विशेष होय.

राजाच्या मृत्यूनंतर ते श्रीरंगमला परतले. कांचीच्या वरदराजापाशी दृष्टी मागावी, असे त्यांनी कूरेशांना सुचविले. कूरेशांनी मागितली ती नालूरानची सद्गती. ज्याच्या सल्ल्याने डोळे गेले, त्यालाही आपल्यासारखीच गती मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. भयाने वाकलेल्या माणसाचा धिक्कार करणे सोपे. त्याला आपल्यात परत घेणे कठीण.

आणीबाणीच्या काळात, १९७५ साली, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि पुढे कारावास पत्करला. काळ बदलतो, पण सही मागणारे हात पुनःपुन्हा पुढे येतात.

रामानुजांचे निर्वाण परंपरेनुसार ११३७ मध्ये झाले. श्रीपेरुंबुदूरच्या आदिकेशव मंदिरातील त्यांची मूर्ती त्यांच्या हयातीतच घडविली गेली, असे मानतात. मुलाबाळांसह तिचे दर्शन घेताना गुरूच्या वेषात दरबारी गेलेल्या त्या शिष्याचेही स्मरण अवश्य व्हावे.