समुद्र घरी आणणारा माणूस : फिलिप हेन्री गॉस

दवाखान्यात, हॉटेलात किंवा एखाद्या स्नेह्याच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत पोहणारे रंगीत मासे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. अशा टाकीला आपण अ‍ॅक्वेरियम म्हणतो. हा शब्द या अर्थाने जगात रूढ करण्याचे, आणि समुद्राचे जीव खाऱ्या पाण्यात घरच्या घरी कसे जगवावेत हे सामान्य माणसाला शिकविण्याचे श्रेय मुख्यतः एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाकडे जाते. त्यांचे नाव फिलिप हेन्री गॉस. ते पवित्र शास्त्राचे निष्ठावंत अभ्यासक व एका लहानशा मंडळीचे पाळकही होते. त्यांच्या जीवनातून आपणांस घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव हिंडून लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगवीत. मिळकत बेताची व अनिश्चित. बालपण पूल या बंदरात गेले. तेथे त्यांच्या आत्याला किनाऱ्यावरील जीवजंतूंची चांगली माहिती होती. फुलासारख्या दिसणाऱ्या, पण खरे तर प्राणीच असलेल्या समुद्रफुलांना समुद्राच्या ताज्या पाण्यात ठेवून पाहा, असे तिने या भाच्याला सुचविले. पुढे जे मोठे काम व्हावयाचे होते त्याचे बी असे एका आत्याने पेरले.

१८२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, फिलिप कारकुनाची नोकरी धरून अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनियर या गावी गेले. १८३२ साल त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी त्यांनी लिलावात सूक्ष्मदर्शकाविषयीचे एक जुने पुस्तक विकत घेतले आणि निसर्गाच्या अभ्यासाचा त्यांना ध्यास लागला. त्याच वर्षी आपली बहीण फार आजारी असल्याची बातमी आली. त्या काळजीत त्यांनी आपले जीवन प्रभूला वाहिले. हे दोन्ही निश्चय त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

मात्र पोटापाण्याची घडी लवकर बसली नाही. १८३५ साली ते कॅनडात कॉम्प्टन येथे शेती करावयास गेले. तीन वर्षे खपूनही शेती साधली नाही. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा संस्थानात काही महिने शाळामास्तर झाले. तेथे गुलामांचे हाल पाहून त्यांचे मन विटले, आणि १८३९ साली ते रिकाम्या हाताने मायदेशी परतले. हात रिकामे असले तरी वह्या भरलेल्या होत्या. त्यांतून १८४० साली कॅनडाच्या निसर्गावरील त्यांचे पुस्तक निघाले. १८४४ मध्ये ते जमैकात गेले व दीड वर्ष पक्षी व इतर प्राणी जमवीत राहिले. तेथे सॅम्युएल कॅम्पबेल या कृष्णवर्णी तरुणाने त्यांना मोलाचे साहाय्य केले, आणि गॉस यांनी आपल्या पुस्तकात त्याचा नावानिशी गौरव केला. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती.

लंडनमध्ये ते ब्रदरेन मंडळीत सामील झाले होते. तेथेच त्यांची एमिली बोव्स यांच्याशी ओळख झाली व १८४८ साली विवाह झाला. एमिलीबाई कविता व सुवार्तेची पत्रके लिहीत. १८४९ मध्ये एडमंड हा त्यांचा एकुलता एक मुलगा जन्मास आला.

सततच्या लिखाणाने व सूक्ष्मदर्शकावरील कामाने गॉस यांची प्रकृती ढासळली. म्हणून १८५२ च्या आरंभी हे कुटुंब डेव्हनच्या समुद्रकिनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटी लागली की गॉस खडकांतील डबक्यांत कमरेपर्यंत वाकून पाहात. इल्फ्रॅकोम्ब येथे त्यांना शेंदरी व सोनेरी रंगाचे एक चिमुकले प्रवाळ सापडले. ते शास्त्राला तोवर ठाऊक नव्हते. त्याचे वर्णन त्यांनी १८५३ साली प्रसिद्ध केले. परंतु अडचण अशी की, घरी आणलेले जीव एक-दोन दिवसांतच मरत व पाणी नासून जाई. रोज ताजे समुद्राचे पाणी आणणे किनाऱ्यावर जमेल. शंभर मैल आत राहणाऱ्याने काय करावे?

या प्रश्नावर विचार करणारे गॉस एकटेच नव्हते. फ्रान्सच्या जान व्हिलप्रो-पॉवर या बाईंनी १८३२ पासून सिसिलीत समुद्रजीव टाक्यांत ठेवून अभ्यासले होते. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ नंतर लंडनमध्ये प्रवाळ जगविले. त्यासाठी त्यांच्या घरी पाणी वारंवार एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळीत. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये दाखवून दिले की, पाण्यात वनस्पती व प्राणी योग्य प्रमाणात असले तर दोघेही एकमेकांना जगवितात. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, आणि प्राण्यांच्या श्वासातून व मलातून वनस्पतींना अन्न मिळते. याच वाटेने जाऊन गॉस यांनी जिवंत समुद्रशेवाळ लावलेल्या भांड्यात जीव ठेविले आणि त्यांना यश आले. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. तेथील टाक्यांसाठी गॉस यांनी किनाऱ्यावरून जीव गोळा करून दिले. १८५४ मध्ये त्यांचे अ‍ॅक्वेरियम या विषयावरील पुस्तक निघाले. त्यातील रंगीत चित्रेही त्यांच्याच हातची होती.

त्याच वर्षी त्यांनी घरी समुद्राचे पाणी तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. चार क्वार्टला किंचित कमी, म्हणजे सुमारे साडेचार लिटर, गोड्या पाण्यात साडेतीन औंस खाण्याचे मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड व ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड विरघळवावयाचे. एवढ्याने समुद्र घराच्या टेबलावर आला. पण त्यांचा खरा धडा पुढेच होता. पाणी तयार झाले की लगेच जीव सोडावयाचे नाहीत. आधी शेवाळ लावावे, ते रुजू द्यावे, पाणी निवळू द्यावे. मग थोडेच जीव सोडावेत, आणि मेलेला जीव तत्काळ बाहेर काढावा. घाई व गर्दी हे टाकीचे दोन शत्रू.

या यशाच्या भरातच घरावर दुःख कोसळले. १८५६ साली गॉस यांना रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. त्याच वर्षी एमिलीबाईंना स्तनाचा कर्करोग झाल्याचे समजले. अतिशय वेदनादायक उपचार सोसूनही गुण आला नाही. फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या प्रभूघरी गेल्या, तेव्हा एडमंड सात वर्षांचा होता.

त्याच वर्षी गॉस यांनी आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या थरांत सापडणारे अवशेष आणि उत्पत्तीचा वृत्तांत यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. देवाने सृष्टी निर्माण केली ती पूर्ण वाढलेल्या रूपात, जणू तिला मागचा काळ होताच अशा खुणांसह, असे त्यांचे प्रतिपादन होते. शास्त्रज्ञांनी ते झिडकारले. धर्मनिष्ठ लोकांनाही ते रुचले नाही. निर्मात्याने खडकांत खोट्या खुणा ठेवाव्यात ही कल्पना त्यांचे स्नेही, पाळक चार्ल्स किंग्जली यांनाही पटली नाही. पत्नी गेलेली, मोठ्या आशेने लिहिलेले पुस्तक पडलेले, अशा स्थितीत गॉस लहान मुलाला घेऊन टॉर्कीजवळील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले. तेथे त्यांनी ब्रदरेन मंडळीची सेवा केली, आणि १८५८ ते १८६० या काळात इंग्लंडच्या समुद्रफुलांवर व प्रवाळांवर आपला मोठा ग्रंथ भागाभागाने पुरा केला. १८६० साली एलायझा ब्राइटवेन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

पण दुसरे दुःख याहून वेगळे होते, कारण ते त्यांच्याच यशातून उपजले. त्यांची पुस्तके वाचून इंग्लंडात अ‍ॅक्वेरियमचे वेड पसरले. दुकाने निघाली, किनाऱ्यावर आगगाडीने माणसांची रीघ लागली. हातात छिन्नी व बरणी घेऊन आलेल्या हौशी लोकांनी खडकावरील समुद्रफुले व प्रवाळे खरवडून नेली. बहुतेक जीव आठवड्याभरात दिवाणखान्यात मेले. गॉस यांनी टाकी भरण्याची कृती सांगितली ती लोकांनी उचलली. थांबण्याविषयी व थोड्यात भागविण्याविषयी सांगितले ते मात्र मागे पडले. ज्या डबक्यांत त्यांना देवाचे वैभव दिसले होते ती काही वर्षांत ओकीबोकी झाली. याची त्यांना फार खंत वाटली, हे त्यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहून ठेविले आहे. २३ ऑगस्ट १८८८ रोजी गॉस यांनी देह ठेविला. शेवटच्या काळातही ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या चक्रधर जीवांचा अभ्यास करीत होते.

गॉस यांचे नियम आजही जुने झालेले नाहीत. आज मोटारीवर चालणारे पंप आहेत, तयार समुद्री मिठाची पाकिटे आहेत, आणि कोणी हौस सोडली म्हणजे त्याची वापरलेली टाकी निम्म्या किंमतीतही मिळते. परंतु काच जुनी घेता येते, पाण्यातले जीवन मात्र नव्याने रुजवावे लागते. जीवांच्या मलातून अमोनिया हे विष तयार होते. ते पचविणारे जिवाणू दगडांवर व वाळूत वाढण्यास काही आठवडे लागतात. तोवर थांबावेच लागते. आधीच्या मालकाने माशांच्या औषधासाठी तांबे वापरले असेल तर त्याचा अंश टाकीत व दगडांत राहून प्रवाळांना मारतो, म्हणून तेही आधी विचारून घ्यावे लागते. आणि प्रवाळ ही ज्याची त्याची मालमत्ता नव्हे. मालवणच्या समुद्रात व गोव्याच्या ग्रांडे बेटाजवळही प्रवाळे आहेत. खडक बांधणारी प्रवाळे आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ती तोडून आणणे गुन्हा आहे.

सृष्टी मनुष्याच्या हाती सोपविली आहे, असे आपण मानतो. सोपविलेल्या वस्तूचा हिशेब द्यावा लागतो. गॉस यांनी समुद्रातले सौंदर्य लोकांना दाखविले, आणि त्या सौंदर्याला लागलेली ओरबाड त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहावी लागली. आपण आपल्या मुलांना किनाऱ्यावर नेऊ तेव्हा ओहोटीच्या डबक्यापाशी त्यांना जरूर बसवावे, बोटाने दाखवावे, नावे सांगावीत. आणि उठताना सर्व काही जेथल्या तेथे ठेवून यावे.