क्रिस्टियान बिर्केलांड

क्रिस्टियान ओलाफ बर्नहार्ड बिर्केलांड (१३ डिसेंबर १८६७ – १५ जून १९१७) हे नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ होते. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवीय प्रदेशांकडे वळतात व त्यांच्यामुळे ध्रुवीय प्रकाश दिसतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यांच्या हयातीत आणि नंतरही अनेक दशके तो बव्हंशी अमान्य राहिला. कृत्रिम उपग्रहांच्या युगात त्याचा गाभा खरा ठरला.

शिक्षण व अध्यापन

बिर्केलांड यांचा जन्म ख्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) येथे झाला. तेथील विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये आंरी प्वांकारे यांच्याकडे अध्ययन केले. १८९८ मध्ये ते ख्रिस्तियानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. चुंबकाजवळ कॅथोड किरण वळतात, हे प्रयोगशाळेत पाहिल्यावर १८९६ मध्ये त्यांनी ध्रुवीय प्रकाशाची आपली उपपत्ती मांडली.

ध्रुवीय मोहिमा

उपपत्तीच्या पडताळणीसाठी त्यांनी ऐन हिवाळ्यात उत्तर नॉर्वेत मोहिमा काढल्या. सुरुवातीच्या एका मोहिमेत हिमदंशामुळे ब्यॉर्न हेलांड-हान्सेन या वैद्यकीय विद्यार्थ्याची काही बोटे गेली. पुढे तो समुद्रवैज्ञानिक झाला. हाल्डे पर्वतावर सुमारे ९०० मीटर उंचीवर उभारलेल्या वेधशाळेच्या मोहिमेत एलिसार बोये हा सहकारी हिमस्खलनात मृत्युमुखी पडला.

१९०२-०३ च्या मोहिमेत उत्तर नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन व नोव्हाया झेमल्या अशा चार ठिकाणी एकाच काळात चुंबकीय नोंदी घेण्यात आल्या. त्यांच्या तुलनेवरून बिर्केलांड यांनी असा निष्कर्ष काढला, की विद्युतप्रवाह अवकाशातून चुंबकीय बलरेषांच्या अनुरोधाने खाली येतात, वातावरणाच्या वरच्या थरात आडवे वाहतात आणि पुन्हा वर जातात.

टेरेला प्रयोग

निर्वात पेटीत धातूचा एक गोल ठेवून त्यात विद्युतचुंबक बसवलेला असे. या लहानग्या प्रतिपृथ्वीला टेरेला म्हणतात. तिच्यावर कॅथोड किरण सोडले असता सर्व पृष्ठभाग न उजळता दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटत. हे पाहून गणितज्ञ कार्ल स्टर्मर यांनी चुंबकीय क्षेत्रातील कणांच्या मार्गांचे गणित मांडण्यास प्रारंभ केला.

उद्योग व अखेरची वर्षे

बिर्केलांड यांनी विद्युत तोफ तयार केली. परंतु १९०३ मधील जाहीर प्रात्यक्षिक लघुपरिपथामुळे फसले. त्याच वर्षी साम एइडे यांच्यासह त्यांनी विद्युत ठिणगीच्या साहाय्याने हवेतील नायट्रोजनपासून खत बनविण्याची प्रक्रिया विकसित केली. तीवर १९०५ मध्ये नॉर्स्क हिद्रो ही कंपनी उभी राहिली आणि मिळालेला पैसा त्यांनी संशोधनास लावला. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले, पण ते मिळाले नाही. निद्रानाशामुळे ते व्हेरोनाल हे झोपेचे औषध घेत. पुढे राशिचक्रीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी ते इजिप्तमध्ये राहिले. महायुद्धाच्या काळात जपानमार्गे मायदेशी परतत असताना, वयाच्या ४९ व्या वर्षी, टोकियोतील हॉटेलात त्यांचे निधन झाले.

विरोध व मान्यता

केवळ ऋणभारित कणांचा झोत परस्पर प्रतिकर्षणामुळे वाटेतच विखुरेल, असा आक्षेप आर्थर शूस्टर यांनी घेतला. सूर्यापासून ऋण व धन असे दोन्ही प्रकारचे कण येत असावेत, असे बिर्केलांड यांनी १९१६ मध्ये सुचविले. आज सौरवात याच स्वरूपाचा मानला जातो. हे प्रवाह वातावरणाच्या वरच्या थरातच वाहतात, हे सिडनी चॅपमन यांचे मत मात्र दीर्घकाळ प्रभावी राहिले. केवळ जमिनीवरील नोंदींवरून या वादाचा निर्णय होणे शक्य नव्हते.

१९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या एका उपग्रहावरील चुंबकमापकाने ध्रुवीय प्रदेशावर चुंबकीय क्षेत्रातील बदल नोंदविले. प्रथम ते लहरी समजले गेले. नंतर ते बलरेषांना अनुसरणारे प्रवाह असल्याचे स्पष्ट झाले. त्यांना आता बिर्केलांड प्रवाह म्हणतात.

त्यांच्या मूळ चित्रात दुरुस्तीही झाली. सौरवाताचा बहुतेक भाग पृथ्वीच्या चुंबकांबराला वळसा घालून जातो. दिवसाच्या बाजूस, दोन्ही ध्रुवांच्या दिशेने, नरसाळ्यासारखे दोन भाग असून त्यांतून सौरवाताचे कण थेट वातावरणापर्यंत पोहोचतात, असे १९७१ मध्ये उपग्रहांच्या निरीक्षणांतून दिसून आले. रात्रीच्या ध्रुवीय प्रकाशाचे कण मात्र प्रामुख्याने चुंबकांबराच्या शेपटीकडून वेग घेऊन येतात.

सन्मान

चंद्रावरील एका विवरास बिर्केलांड यांचे नाव देण्यात आले आहे. नॉर्वेच्या २०० क्रोनर मूल्याच्या नोटेवर १९९४ पासून त्यांचे चित्र छापले जात असे.