मातीला जेवू घालणारा शास्त्रज्ञ : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर



अमेरिकेत मिसुरी राज्यात डायमंड नावाचे गाव आहे. तिथे १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला. नक्की तारीख कुणालाच ठाऊक नाही. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? जॉर्ज तान्हा असतानाच लुटारूंनी त्याला आणि त्याच्या आईला पळवून नेले. बाळ परत मिळाले. ते शोधून आणणाऱ्याला मालक मोझेस कार्व्हर यांनी एक घोडा दिला, असे सांगतात. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही.

पुढे गुलामगिरी बंद झाली. मोझेस आणि सुझान या नवराबायकोनेच जॉर्जला वाढवले. पोर अशक्त, शेतातली जड कामे त्याला झेपायची नाहीत. म्हणून तो घरकामात आणि भाजीच्या वाफ्यात हात लावी. जवळच्या झाडीत त्याने आपली एक गुपचूप बाग केली होती. शेजारीपाजारी आपली आजारी रोपे त्याच्याकडे घेऊन येत आणि तो ती बरी करून देई. लहानपणीच लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले!

गावच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. शिकण्यासाठी तो सुमारे ८ मैलांवरच्या निओशो गावी गेला. लोकांची धुणी धुतली, स्वयंपाक केला आणि त्यातून शिकला. एका कॉलेजाने पत्राने प्रवेश दिला, पण हा मुलगा काळा आहे हे पाहताच दारातूनच परत पाठवले. तरी त्याने हाय खाल्ली नाही. शेवटी आयोवा राज्यातल्या शेती कॉलेजातून १८९४ साली तो पदवीधर झाला आणि १८९६ साली त्याने वरची पदवीही मिळवली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हर यांना अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे बोलावले. तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा होती. कार्व्हर गेले, पण प्रयोगशाळाच नव्हती. मग त्यांनी मुलांना बरोबर घेतले, उकिरड्यावरच्या बाटल्या, डबे, बरण्या गोळा केल्या आणि त्यातून उपकरणे तयार केली.

खरी अडचण जमिनीची होती. त्या भागात वर्षानुवर्षे एकच पीक, ते म्हणजे कापूस. काही ठिकाणी तर कापूस पार घराच्या उंबऱ्यापर्यंत लावलेला. भाजीला वाफाभर जागा नाही. माती उघडी पडलेली, पावसाच्या पाण्याने वाहून जायची, ठिकठिकाणी घळी पडलेल्या. शेतकरी बहुतेक वाटेकरी आणि कर्जात बुडालेले. रोजचे खाणे म्हणजे मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. अशा खाण्याने पेलाग्रा नावाचा आजार होई, त्यात माणसे दगावतसुद्धा. विकतचे खत आणायला पैसा कुणाजवळ होता?

कार्व्हर यांनी ओळखले, की जमीन उपाशी आहे आणि तिचे जेवण जवळच पडलेले आहे. रानात पालापाचोळ्याचे थर होते, दलदलीत काळा गाळ होता, गोठ्यात शेण होते. रिकामा वेळ मिळाला की पाला गोळा करा, गाळ आणा, शेणखताबरोबर थर देऊन कुजवा आणि रानात टाका, असे ते सांगत. नांगरट खोल करा, उतारावर बांध घाला, म्हणजे माती वाहून जाणार नाही, हेही त्यांनी शिकवले.

दुसरा उपाय पिकांच्या अदलाबदलीचा. कापसानंतर चवळी, भुईमूग लावा. या झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणजे फुकटचे खतच की! शिवाय घरात खायला कडधान्य. याच सुमारास कापसाच्या बोंडात शिरणारा सोंडकिडा आला आणि त्याने पिके फस्त केली. तेव्हा कार्व्हर यांचे म्हणणे लोकांना चांगलेच पटले.

शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हते, म्हणून १९०६ साली शाळाच शेतकऱ्यांकडे निघाली. खेचरे जोडलेल्या गाडीत अवजारे आणि बियाणे घालून ती खेड्यापाड्यांत फिरू लागली. सोप्या भाषेतल्या पुस्तिका निघाल्या. १९१६ साली भुईमुगाचे १०५ पदार्थ, तर १९१८ साली टोमॅटोचे ११५ पदार्थ कसे करायचे, ते त्यांनी छापून दिले. भाजी पिकवायची आणि घरच्या ताटात वाढायची, हा त्यामागचा हेतू. शेंगदाण्याचे लोणी त्यांनीच शोधले असे पुष्कळजण म्हणतात, पण ते खरे नाही. ते त्यांच्या आधीपासून होते.

कार्व्हर शेवटपर्यंत टस्कीगीतच राहिले. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आले आणि मराठी घराघरांत त्यांचे नाव पोचले.

मित्रांनो, यातून आपण काय घ्यायचे? अंगणातला पाला पेटवू नका, तो परसबागेत न्या. तीनेक फूट रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करा, म्हणजे पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजणार नाहीत. त्यात कुजलेले शेणखत मिसळा. रोपे लागली की वर वाळल्या पाल्याचा चार बोटे थर द्या. खोडाला मात्र पाला चिकटवू नका, बरं का. त्या पांघरुणाखाली ओल टिकते, तण कमी उगवते, गांडुळे येतात आणि पाला कुजून मातीचेच अन्न होतो.

आपण मातीला जेवू घातले, की ती आपल्याला जेवू घालते. कार्व्हर यांनी उजाड जमिनीवर हे करून दाखवले. आपल्याला तर एका वाफ्यापासूनच सुरुवात करायची आहे!