कादंबरीबाहेरचे चिमाजी अप्पा

यंदाच्या वार्षिक अंकासाठी मी खरे तर एक ऐतिहासिक प्रेमकथा लिहायला घेतली होती. १७३७ सालचा अर्नाळा, किल्ल्यावर फिरंग्यांचे निशाण, किनाऱ्यावरच्या कोळ्याची एक मुलगी आणि रात्री होडीतून बेटावर उतरणारा एक तरुण मराठा शिलेदार, असा एकूण बेत होता. सात पाने झाली. शिलेदाराला हुकूम देणारा सरदार कसा होता ते नीट कळावे म्हणून ग्रंथालयात चिमाजी अप्पांविषयी वाचायला बसले, आणि कथा तिथेच अडली. शिलेदार बिचारा अजून होडीतच आहे.

आमचे घर अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात. वडील समुद्रावर जातात, आई म्हावऱ्याची पाटी घेऊन विरारला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे अप्पा मला आधी भेटले ते आजीच्या तोंडून. तिच्या गोष्टीत वसई पडल्यावर फिरंगी कप्तानाची रूपवान बायको अप्पांपुढे उभी केली जाते, आणि अप्पा तिला बहिणीसारखी साडीचोळी देऊन मानाने परत पाठवतात. हीच गोष्ट कल्याणच्या सुभेदाराची सून म्हणून शिवाजी महाराजांविषयी सांगतात, हे मला पुढे कळले. चांगल्या गोष्टी एका वीराच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जात असाव्यात.

अप्पांचा जन्म साधारण १७०७ चा. वडील पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये गेले आणि वीस वर्षांचे थोरले भाऊ बाजीराव पेशवे झाले. अप्पा तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचे. पुढची वीस वर्षे ते भावाची सावली होऊन राहिले. बाजीराव उत्तरेत किंवा दक्षिणेत घोडदौड करीत असले की घरचे, पुण्याचे आणि साताऱ्याच्या दरबाराचे व्यवहार अप्पांनी पाहायचे. प्रकृती नाजूक, तरी रणांगणही चुकले नाही. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याला त्यांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. तो त्या लढाईत मारला गेला. १७३६ च्या एप्रिलमध्ये रेवसजवळ जंजिऱ्याचा सिद्दी सात त्यांच्याशी लढताना पडला. मधल्या काळात, १७३० मध्ये, मुलगा सदाशिव झाला आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई वारल्या. तान्ह्या मुलाला आजी राधाबाईंनी वाढवले. पानिपतचे सदाशिवरावभाऊ ते हेच.

आता आमच्या किनाऱ्याकडे येते. वसईवर पोर्तुगिजांचा अंमल १५३४ पासूनचा. हिंदूंना उघडपणे धर्मकृत्ये करायला बंदी, देवळे पाडलेली, जमिनी परक्यांच्या हाती, आणि वर इन्क्विझिशनची धास्ती. याला कंटाळून इथल्या लोकांनीच उठाव करायचे ठरवले. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे खेपा घालीत राहिले, गावोगावचे लोक जोडत राहिले. पेशवे आपणहून इकडे आले आणि आम्हाला सोडवले, असे माझ्या डोक्यात होते. पण आधी इथली माणसे हलली, मग पुण्याची फौज आली. हे वाचून मला फार बरे वाटले. बेटांच्या आणि खाड्यांच्या या मुलखात वाट दाखवायला इथलीच माणसे लागणार.

१७३७ च्या मार्च अखेरीस ठाणे आणि साष्टी घेतली, आणि त्याच दिवसांत आमचा अर्नाळाही आला. बाजीराव त्याच आठवड्यात थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले होते. इतिहासाच्या पुस्तकांत पाने मिळाली ती त्या दिल्लीला. अर्नाळ्याच्या वाट्याला आला तो दरवाजावरचा शिलालेख. बाजीरावांच्या आज्ञेने किल्ला नव्याने बांधल्याची हकिगत त्यात आहे. दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत, त्यांच्याखालून मी शंभरदा गेले असेन, पण वर काय लिहिले आहे ते या वर्षी प्रथमच मान वर करून वाचले.

वसई मात्र दोन वर्षे हाती येईना. अखेर १७३८ च्या शेवटी अप्पा स्वतः उतरले. जानेवारी १७३९ मध्ये तारापूर घेताना बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरातल्यासारखाच तो माणूस. पण शोकाला सवड नव्हती. फेब्रुवारीत वसईला वेढा पक्का झाला. त्या वेळी नादिरशहा दिल्लीत शिरला होता आणि मराठ्यांचा सगळा जीव उत्तरेकडे लागला होता. अशा वेळी वेढा उठवला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. अप्पांनी तो उठवला नाही. मे महिन्यात तटाखाली सुरुंग उडवून फौज बुरुजावर चढली. मराठ्यांची हजारो माणसे पडली, पण वसई शरण आली.

तहाची कलमे वाचताना मला आजीची गोष्ट आठवली. पोर्तुगिजांना बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन सुखरूप निघून जाऊ दिले गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा ठेवली. कप्तानाच्या बायकोची गोष्ट घडली असो वा नसो, ती अशा माणसाला चिकटावी यात नवल नाही. माझी एक मैत्रीण वसईकडच्या ख्रिस्ती घरातली आहे. तिच्या घरी १७३९ हे देवळांच्या घंटा गेल्याचे साल. तेही खरेच, त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. आम्ही दोघींनी यावर अर्धी मधली सुट्टी वाद घातला आणि उरलेल्या अर्ध्या सुट्टीत वडापाव खाल्ला.

पण माझी कथा अडली ती पुढच्या पानांवर. वसई मेमध्ये पडली. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढायला बाहेर पडले, आणि मागे पुण्यात मस्तानीला अटकेत टाकले गेले. त्यात पुतण्या नानासाहेबांबरोबर अप्पांचाही हात होता. ना. सं. इनामदारांची 'राऊ' ही १९७२ ची कादंबरी मी बारावीच्या सुट्टीत रडत वाचली होती. २०१५ मध्ये चित्रपटही आला. दोन्हीकडे माझा राग अप्पांवर. पण तेव्हा ते आमचे अप्पा आहेत हे माझ्या लक्षातच आले नव्हते! शत्रूच्या बायकांना वाट मोकळी करून देणाऱ्या माणसाने सहा-सात महिन्यांत आपल्याच घरातल्या बाईला कोंडून घालण्यात भाग घ्यावा? जातीचा आणि घराच्या अब्रूचा धाक एवढा मोठा असतो?

असतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या आतेबहिणीने घरच्यांच्या मर्जीबाहेर लग्न केले, त्याला चार वर्षे झाली. कप्तानाच्या बायकोची गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगणारी माझी आजी तिचे नाव घेऊ देत नाही. आजी वाईट नाही. म्हणूनच अप्पांना वाईट म्हणून मोकळे होणे मला जमेना, आणि नुसता हार घालून हात जोडणेही जमेना.

यानंतरचे आयुष्य थोडेच. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले. पाठोपाठ मस्तानीही गेली. अप्पांची छाती आधीच पोखरलेली होती. त्याच वर्षी १७ डिसेंबरला तेही गेले. वय तेहतीसच्या आसपास. दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यात ओंकारेश्वराजवळ अप्पांची समाधी आहे.

मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्याच घरात वाढला. हे मी आजीला बोंबील निवडताना सांगितले. तिने हात थांबवून विचारले की त्या पोराचे पुढे काय झाले. १७६१ मध्ये तो अप्पांच्या सदाशिवाबरोबर पानिपतावर लढला, आणि दोघेही परत आले नाहीत, एवढे मी सांगितले. बरोबर गेले होते का, असे तिने पुन्हा एकदा विचारून घेतले.