अन्नदानाचे ऋषी : आचार्य विनोबा भावे

शेलूबाजार व मंगरूळपीर तालुक्याचा परिसर हा काळ्या मातीचा. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी ही येथील पिके. मंदिरात येणारा भाविक नैवेद्याचे ताट देवापुढे ठेवतो तेव्हा त्या ताटातील प्रत्येक दाण्यामागे कोणाचे तरी श्रम असतात. ते श्रम करणाऱ्याच्या घरी पोटभर अन्न आहे काय, हा प्रश्न ज्या महापुरुषाने आपल्या उपासनेचाच भाग मानला, ते आचार्य विनोबा भावे. विदर्भाच्याच मातीत, वर्ध्याजवळील पवनार येथे त्यांची तपश्चर्या झाली. त्यांचे जीवन येथे भाविकांच्या माहितीसाठी थोडक्यात देत आहोत.

जन्म व संस्कार

विनोबाजींचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. त्यांचा जन्म दि. ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील पेण तालुक्यात गागोदे या गावी झाला. मातोश्री रुक्मिणीबाई अत्यंत भाविक होत्या. घरच्या फणसाच्या झाडाला फळ आले की ते कापून गरे आधी शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवायचे, मुलांना मिळायचे ते त्यानंतर, असा त्या माऊलीचा नेम होता. वाटून खाण्याचा हा पहिला धडा विनोबाजींना आयुष्यभर पुरला.

इ.स. १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायकराव सुरतेलाच गाडीतून उतरले व ब्रह्मजिज्ञासेने काशीस गेले. तेथून त्याच वर्षी ते महात्मा गांधींच्या अहमदाबाद येथील आश्रमात दाखल झाले. पुढे वाई येथील प्राज्ञपाठशाळेत त्यांनी उपनिषदे व वेदान्ताचे अध्ययन केले. इ.स. १९२१ मध्ये गांधीजींच्या आज्ञेने ते वर्ध्यास आले. श्रीमद्भगवद्गीतेचे समश्लोकी मराठी रूप असलेली त्यांची 'गीताई' घरोघरी पोहोचली. इ.स. १९३२ मध्ये धुळ्याच्या कारागृहात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली.

परंधामची ऋषिशेती

इ.स. १९३८ मध्ये विनोबाजी धाम नदीच्या काठी पवनारला राहावयास आले. हे पवनार म्हणजे वाकाटकांची प्राचीन राजधानी प्रवरपूर होय, असे अभ्यासक मानतात. आश्रमाच्या शेतात खणताना तेथे भरत-राम भेटीचे शिल्प हाती लागले. ते आश्रमात भक्तिभावाने स्थापन करण्यात आले. ज्या कुदळीने शेत खणले, तिनेच देवाचे दर्शन घडविले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, इ.स. १९४६ च्या सुमारास, विनोबाजी खांद्यावर फावडे घेऊन रोज जवळच्या सुरगावला पायी जात व तेथील मैला साफ करीत. गाव स्वच्छ व्हावे आणि तोच मैला सोनखत होऊन शेताला मिळावा, हा त्यामागील विचार. मातीतून घेतलेले मातीला परत करणे हे ते धर्मकार्य मानीत.

पुढे इ.स. १९५० च्या सुमारास पवनारला 'कांचनमुक्ती'चा प्रयोग सुरू झाला. पैशावर न विसंबता आपले अन्न व वस्त्र स्वतःच्या श्रमाने निर्माण करावयाचे, असा संकल्प होता. जमीन बैलांविना, केवळ कुदळ-फावड्याने कसली जाई. यास 'ऋषिशेती' असे नाव मिळाले. ज्या भूमिहीनाजवळ बैलजोडी नाही, दोन हातांखेरीज काही नाही, त्यालाही जमिनीचा लहानसा तुकडा जगवू शकेल काय, हे स्वतः कष्टून पाहावयाचे होते. विहिरीच्या रहाटाला दांडे लावून आश्रमवासी तो हातांनी फिरवीत आणि फिरविताना गीताईचे श्लोक म्हणत. पाणी, पाठांतर व प्रार्थना ही तिन्ही कामे एकाच वेळी होत. विद्या आणि श्रम ही वेगळी करू नयेत, हे विनोबाजींचे शिक्षणसूत्र येथे प्रत्यक्षात आले.

भूदान यज्ञ

इ.स. १९५१ मध्ये विनोबाजी पवनारहून पायी हैदराबादजवळील सर्वोदय संमेलनास गेले. तेव्हा तेलंगणात जमिनीच्या प्रश्नावरून रक्तपात चालू होता. दि. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे उदरनिर्वाहासाठी ८० एकर जमीन मागितली. विनोबाजींनी सभेत तो प्रश्न मांडताच श्री. रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदान गंगेचा उगम तो हाच.

त्यानंतर सुमारे १३ वर्षे विनोबाजी देशभर पायी फिरले. प्रत्येक जमीनधारकाने आपणांस घरातील आणखी एक मुलगा समजून सहावा हिस्सा द्यावा, अशी त्यांची मागणी असे. जमीन ही हवा-पाण्यासारखी ईश्वराची देणगी असल्याने देणाऱ्याने उपकार करीत नसून वाटणी करीत आहोत असे मानावे व घेणाऱ्याने मान खाली घालू नये, हा त्यांच्या दानविचाराचा गाभा होता. त्या वेळी विदर्भ मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याने इ.स. १९५३ मध्ये भूदानाच्या जमिनींसाठी कायदाही केला.

इ.स. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील मंगरोठ या गावाने आपली जमीन गावाच्या स्वाधीन केली व ग्रामदानाचा आरंभ झाला. इ.स. १९५८ मध्ये पंढरपूर येथे विनोबाजींनी निरनिराळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांसह श्री विठ्ठलाचे दर्शन घेतले. त्याच वर्षी त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. घरातील लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य समाजासाठी बाजूला काढावे, ही 'सर्वोदय पात्रा'ची कल्पनाही त्यांचीच. गागोद्याच्या फणसाची ती आठवणच म्हणावी लागेल.

राहिलेले काम

५ कोटी एकरांचे उद्दिष्ट असताना ४० लाखांहून अधिक एकर जमीन दानात आली. त्यातील काही खडकाळ निघाली, काही वादात अडकली, आणि सुमारे निम्मीच जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचू शकली. दान जाहीर झाले म्हणजे ते पूर्ण झाले असे नाही. गरजूच्या हाती ते पडते तेव्हाच पुण्य पदरी येते, हा धडा या इतिहासातून प्रत्येक दात्याने व प्रत्येक संस्थेने घ्यावयाचा आहे. बीज मात्र वाया गेले नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने इ.स. २०१३ मध्ये ग्रामदान कायद्यानुसार आपली शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला.

इ.स. १९५९ मध्ये विनोबाजींनी पवनारला भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. शेती, स्वयंपाक, सफाई व अध्ययन भगिनींनी मिळून करावे आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावेत, अशी तेथील रीत पडली. दि. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, अन्न व औषध वर्ज्य करून विनोबाजींनी तेथेच देह ठेवला. इ.स. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न सन्मान देण्यात आला.

शेलूबाजारहून समृद्धी महामार्गाने वर्धा जिल्ह्यात जाता येते. पवनार हे वर्धा शहरापासून अवघ्या काही कि.मी. अंतरावर नागपूर मार्गावर आहे. भाविकांनी सवडीने तेथे जाऊन धाम नदीचे व भरत-राम शिल्पाचे दर्शन अवश्य घ्यावे. प्रसादाचा घास घेताना तो पिकविणाऱ्याचे स्मरण ठेवावे, आणि घरी परतल्यावर रोज एक मूठ धान्य भुकेल्यासाठी बाजूला ठेवावे. विनोबाजींना वाहिलेली तीच खरी श्रद्धांजली ठरेल.