पक्ष्यांवर बंदूक रोखणारा डॉक्टर

रविवारी भिगवणला गेलात तर उजनीच्या पाण्याकाठी रोहित पक्ष्यांवर भल्यामोठ्या लेन्स रोखून बसलेली मंडळी दिसतील. शंभर छायाचित्रे काढावीत, तेव्हा उडत्या पक्ष्याचे एखादे पदरात पडते. या साऱ्यांचा मूळपुरुष एक फ्रेंच डॉक्टर होता, एतिएन-ज्यूल मारे. सुंदर चित्रांची त्याला हौस नव्हती. पंख हवेत नेमके काय करतो, एवढेच त्याला हवे होते.

१८३० साली बोन या द्राक्षमळ्यांच्या गावी तो जन्मला. काजळी धरलेल्या कागदावर नाडीचे ठोके उमटवणारे यंत्र त्याने तरुणपणीच केले. मग पक्ष्यांना रबरी नळ्यांचा साज चढवून पंखांची हालचाल नोंदवली. पण साज चढवलेला पक्षी मोकळा उडेल कसा? मायब्रिजने टिपलेले धावते घोडे १८७८ मध्ये पाहिल्यावर त्याने पक्ष्यांच्या चित्रांची मागणी केली. १८८१ मध्ये मायब्रिज ती घेऊन पॅरिसला आला. मारेचे समाधान झाले नाही.

१८८२ मध्ये त्याने चक्क बंदूक घडवली. नळीत भिंग, मागे काचेची फिरती तबकडी. चाप ओढला की सेकंदात बारा चित्रे, प्रत्येक १/७२० सेकंदाचे. नेपल्समध्ये नेम धरूनही एकही पक्षी न पाडणाऱ्या या गृहस्थाला लोक खुळा समजत, असे सांगतात. चित्रे मात्र टपालाच्या तिकिटाहून लहान, आणि पक्षी म्हणजे नुसती सावली.

मग त्याने बंदूक बाजूला ठेवली. पॅरिसमध्ये आतून काळ्या मखमलीने मढवलेल्या छपरीसमोरून तो पांढरे पक्षी उडवू लागला. कॅमेऱ्यात एकच स्थिर काच, तिच्यापुढे फटींची फिरती चकती. पाणकोळी पक्ष्याची सारी उड्डाणमुद्रा एका काचेवर आली. आता पक्षी स्पष्ट, पण पंखांवर पंख चढलेले! एक दोष निस्तरावा तर दुसरा हजर. मग त्याने कुरव पक्षी तीन दिशांनी टिपला आणि त्यावरून मेणाचे, काशाचे पक्षी घडवले. ते फिरत्या पिंपात बसवून फटींतून पाहिले की कुरव उडे. १८८८ मध्ये कागदी फिल्म हाती आली आणि चित्रांची दाटी संपली.

सिनेमाचे श्रेय पुढे ल्यूमिएर बंधूंना मिळाले. मारेला त्याचे फारसे वाटले नसावे. डोळ्यांना आधीच दिसते ते पडद्यावर पाहण्यात त्याला रस नव्हता. राइट बंधूंच्या वाचनात त्याचे पुस्तक होते. त्यांचे विमान डिसेंबर १९०३ मध्ये उडाले. मारे पॅरिसमध्ये मे १९०४ मध्ये गेला.